ज्योत ओढणारं इंजिन चालत नाही? वात वर ओढण्याआधी हे क्रमाने करा

घरी बनवलेलं ज्योतीवरचं इंजिन पहिल्या दिवशी फिरलं नाही की बहुतेक जण एकच गोष्ट करतात. वात वर ओढतात. ज्योत मोठी होते, सिलिंडर भराभर तापतं आणि इंजिन आणखी जड होतं. मग बर्नर बदलतात, इंधन बदलतात, शेवटी सगळं खोक्यात भरून ठेवून देतात. मी स्वतः यात बऱ्याच संध्याकाळी घालवल्या आहेत. या इंजिनाला आग क्वचितच कमी पडते. ते अडतं ते गळतीमुळे आणि घर्षणामुळे. म्हणून खालचा क्रम मोडू नका. ज्योत त्यात या दोन्हींनंतर येते.

आधी एका फेरीत काय होतं ते डोळ्यांसमोर आणा, कारण पुढची प्रत्येक चाचणी त्यावर उभी आहे. सिलिंडरच्या बंद टोकाला एक छोटं भोक असतं, त्याला पोर्ट म्हणू. पोर्टसमोर ज्योत. पिस्टन पोर्टपासून दूर जातो तेव्हा ज्योतीतला तापलेला वायू आत ओढला जातो. पिस्टन बाहेरच्या टोकाला पोहोचता पोहोचता व्हॉल्व्हची पट्टी पोर्ट झाकते. कोंडलेला वायू सिलिंडरच्या भिंतींना लागून थंड होतो, त्याचा दाब कमी होतो आणि बाहेरची हवा पिस्टनला आत ढकलते. शक्ती मिळते ती एवढ्यातच. पिस्टन आतल्या टोकाजवळ आला की व्हॉल्व्ह उघडतो, उरलेला वायू बाहेर पडतो आणि नवी फेरी सुरू होते.

म्हणजे ढकलणारी आहे ती हवा. २० मिमी व्यासाच्या पिस्टनचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटिमीटर. आत पूर्ण निर्वात झाला असता तर त्यावर सुमारे सव्वातीन किलोचा जोर आला असता. पण दाब एक दशांशानेच उतरला, तर हातात उरतात तीनशेवीस ग्रॅमच्या आसपास, तेही पिस्टन परत फिरायला लागतो तेव्हा. पुढे सरकताना तो जोर कमीच होत जातो. एवढ्यातून पिस्टन, बेअरिंग, कॅम (व्हॉल्व्ह हलवणारी उंचवट्याची चकती) आणि व्हॉल्व्ह या सगळ्यांचं घर्षण भागवायचं आहे.

१. मापं आधी कागदावर

पहिल्यांदा बनवत असाल तर फार लहान इंजिन निवडू नका. आकार लहान झाला की गळतीचा वाटा वाढतो. मला सोयीची वाटलेली मापं अशी: सिलिंडरचा आतला व्यास २० मिमी, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा प्रवास, २४ मिमी (त्यासाठी क्रँकपिन मध्यापासून १२ मिमीवर), कनेक्टिंग रॉड मध्य ते मध्य ६० मिमी, पोर्ट ५ ते ६ मिमी, फ्लायव्हील (फिरतं ठेवणारं जड चाक) ९० मिमी व्यासाचं आणि अर्ध्या किलोच्या आसपास. फ्लायव्हीलचं वजन कडेला असू द्या. एका फेरीत ढकलणारा स्ट्रोक एकच आहे, उरलेलं काम फ्लायव्हीललाच ओढून न्यायचं आहे.

दोन मापांत तडजोड करू नका. पिस्टन आतल्या टोकाला असताना त्याच्या आणि सिलिंडरच्या बंद टोकाच्या मध्ये अर्धा ते एक मिमीच जागा राहायला हवी. आणि पोर्टची भिंत पातळ ठेवा, २ मिमीच्या आसपास. लांब बोगद्यासारखं पोर्ट केलं तर ज्योत त्यातून जातानाच थंड होते. शिवाय त्या बोगद्यातला शिळा वायू प्रत्येक फेरीत परत आत येतो.

२. सिलिंडर

बिडाचं सिलिंडर करा. बीड चांगलं घासलं जातं आणि त्याच्यातच ग्रॅफाइट असल्याने कोरडं चालतं. बाहेरच्या बाजूला पंख्या (उष्णता सोडणाऱ्या पातळ कडा) कोरा. वायू थंड व्हायला भिंत थंड राहावी लागते, म्हणून त्या कामाच्या आहेत.

बोअरिंग करून आतला व्यास शेवटच्या मापापेक्षा दोन-तीन शतांश मिमी कमी ठेवा, आणि उरलेलं लॅपिंगने काढा, म्हणजे घासायची पेस्ट लावलेला दांडा (लॅप) आत फिरवून. लॅप पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा असावा, बिडापेक्षा मऊ. पेस्ट आधी जाड, मग बारीक. लॅप सतत पुढेमागे फिरवत ठेवा आणि दर वेळी सिलिंडरच्या दोन्ही तोंडांतून थोडा बाहेर येऊ द्या. पण फार बाहेर आणला तर तोंडं भोंग्यासारखी उघडतात. ही चूक फार जण करतात आणि नंतर पिस्टन मध्ये घट्ट, टोकाला सैल लागतो. सिलिंडर आरपार ठेवून पोर्टची चकती (पोर्ट असलेलं बंद टोक) नंतर बसवणं सोपं जातं. बंद टोकाच्या सिलिंडरमध्ये लॅप शेवटपर्यंत पोहोचतच नाही.

> तपासा: सिलिंडर रॉकेलने, मग साबणाच्या गरम पाण्याने, मग स्पिरिटने (जळणाऱ्या अल्कोहोलने) धुवा. पांढरं सुती कापड काडीला गुंडाळून आत फिरवा. कापडावर करडेपणा दिसत असेल तर पेस्ट अजून आत आहे. कापड पांढरं निघेपर्यंत पुढे जाऊ नका.

३. पिस्टन

ॲल्युमिनियमचा पिस्टन हलका म्हणून अनेकांना भुरळ घालतो. हिशेब करून पाहा. २० मिमीचा ॲल्युमिनियम पिस्टन १०० अंशांनी तापला की साधारण ०.०४६ मिमी फुगतो. तेवढंच तापलेलं बिडाचं सिलिंडर फुगतं ०.०२१ मिमी. फरक ०.०२५ मिमीचा. आपण पिस्टनभोवती व्यासावर सोडणार आहोत ०.०१ ते ०.०२ मिमी. थंड असताना सुंदर चालणारा पिस्टन दोन मिनिटांत जाम का होतो याचं उत्तर या आकड्यांत आहे.

म्हणून पिस्टन ग्रॅफाइटचा किंवा बिडाचा. ग्रॅफाइट बिडापेक्षा कमी फुगतं, त्यामुळे तापल्यावर तो जाम होत नाही, उलट किंचित सैल पडतो. त्याला तेलही लागत नाही. पण ते ठिसूळ आहे. गजनपिन (पिस्टनला रॉड जोडणारी पिन) थेट ग्रॅफाइटमध्ये ठोकू नका, आत ॲल्युमिनियमचा तुकडा बसवून पिनचा भार त्यावर घ्या. ग्रॅफाइट कापताना उडणारी भुकटी लेथच्या रुळांवर आणि मोटारीत जाते, वीजही वाहून नेते. व्हॅक्यूम क्लिनरची नळी टूलजवळ धरा आणि तोंडाला मास्क लावा.

ग्रॅफाइटच्या पिस्टनला लॅपिंग पेस्ट कधीही लावू नका. कण त्यात रुतून बसतात आणि मग तो पिस्टनच तुमचं सिलिंडर खात राहतो. शेवटची फिट आणायची ती साध्या कागदाने, हलक्या हाताने. दोन वेळा घासा, पुसा, घालून पाहा.

> तपासा: सिलिंडर उभं धरा, पोर्ट उघडं ठेवा, कोरडा पिस्टन वरून सोडा. तो स्वतःच्या वजनाने खाली घसरला पाहिजे, कुठेही न अडकता. आता पोर्ट बोटाने घट्ट बंद करून पुन्हा सोडा. तो हवेच्या उशीवर तरंगत, अगदी सावकाश उतरला पाहिजे. दोन्ही जमलं तर फिट बरोबर. पहिलं जमत नसेल तर पिस्टन घट्ट आहे, दुसरं जमत नसेल तर सैल.

> दुसरी तपासणी: पिस्टन आत ठेवून पोर्ट बंद करा, पिस्टन सेंटिमीटरभर बाहेर ओढा आणि सोडा. तो टचकन आत परतला पाहिजे. अर्ध्यात थांबला तर तेवढी हवा आत शिरली असं समजा.

सैल पिस्टनला तेल लावून ‘सील’ करण्याचा मोह होईल. जाड तेलाने थंड चाचणी पास होते आणि ज्योतीसमोर तेच तेल चिकट होऊन पिस्टन धरून ठेवतं. माझं पहिलं इंजिन आठवडाभर याच कारणाने अडलं होतं. पिस्टन नवा करा.

४. क्रँक, बेअरिंग आणि सरळ रेषा

दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेली बेअरिंग इथे चालत नाहीत. सीलच्या ओठांचं घर्षण इंजिनाच्या ताकदीचा मोठा वाटा खाऊन टाकतं. उघडी बेअरिंग घ्या, त्यातलं कारखान्याचं ग्रीस पेट्रोलने किंवा थिनरने पूर्ण धुऊन काढा (मोकळ्या हवेत, आगीपासून लांब), सुकवा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब द्या. धुण्याआधी आणि नंतर बोटावर बेअरिंग फिरवून पाहा, फरक हाताला कळतो.

> तपासा: पिस्टन आणि व्हॉल्व्हची पट्टी न जोडता फक्त फ्लायव्हील टिचकीने फिरवा. ते बराच वेळ फिरत राहून, अगदी शेवटी लंबकासारखं थोडं मागेपुढे झुलून थांबलं पाहिजे. झुलतं कारण एक बाजू क्रँकपिनमुळे जड आहे. त्या वजनालाही मात करता येत नाही इतकं घर्षण असेल तर ते झटक्यात, कुठेही थांबतं.

आता कनेक्टिंग रॉड जोडा, पण पोर्टची चकती काढून ठेवा. फ्लायव्हील सावकाश फिरवत चार जागी थांबा: आतलं टोक, बाहेरचं टोक आणि मधल्या दोन जागा. प्रत्येक जागी रॉडचं लहान टोक पिनवर डावी-उजवीकडे हलवून पाहा. चारही जागी दोन्हीकडे मोकळीक सारखी हवी. एका जागी रॉड पिस्टनच्या भिंतीला टेकत असेल, तर सिलिंडरचा अक्ष क्रँकला काटकोनात नाही. हे घासून निघून जाईल अशी आशा धरू नका. सिलिंडरच्या पायाखाली पातळ पत्रा सरकवून सरळ करा.

५. व्हॉल्व्ह आणि कॅम

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पिस्टन चांगला असूनही न चालणाऱ्या इंजिनांत दोष बहुधा याच पट्टीत सापडतो.

पोर्टची बाहेरची बाजू पूर्ण सपाट हवी. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरा, त्यावर चकती आठच्या आकड्यात फिरवा आणि मधूनमधून पाव वळण देऊन धरा, म्हणजे हाताचा दाब एकाच बाजूला पडत नाही. पोर्टच्या कडेची बर (कापताना राहिलेली धारदार कड) काढा, पण कड गोल करू नका. पट्टी ०.३ मिमी स्प्रिंग स्टीलची, पोर्टच्या सर्व बाजूंनी किमान दोन मिमी जास्त पसरेल एवढी. तीही त्याच काचेवर घासा. कातरीने कापलेल्या पट्टीच्या कडा नेहमी वाकलेल्या असतात. नुसत्या डोळ्याला ते दिसत नाही. पट्टी काचेवर ठेवून कडेने टॉर्च धरा. प्रकाशाची रेघ दिसली की ती पट्टी गळणार.

पट्टी फेसवर (पोर्टच्या त्या सपाट बाजूवर) टेकवण्यासाठी फार जोर लावू नका. बंद असताना बाहेरची हवाच तिला दाबून धरते. तिच्या स्वतःच्या हलक्या लवचिकतेने ती नुसती टेकलेली असावी. फेसवर तेल नको. मऊ पेन्सिलीचं शिसं घासा, तेवढं पुरतं.

कॅम एकाच तुकड्याचा करण्याऐवजी शेजारी-शेजारी बसणाऱ्या दोन सारख्या चकत्यांचा करा. प्रत्येकी ३ मिमी जाड, प्रत्येकीवर सुमारे १२० अंशांचा उंचवटा, आणि दोन्हींवर एकदम चालेल एवढा रुंद रोलर. रोलर उंचवट्यावर असताना व्हॉल्व्ह बंद, उतरला की हलकी स्प्रिंग तो उघडते. पहिल्या चकतीच्या पुढच्या कडेने बंद होण्याची वेळ ठरते, दुसरीच्या मागच्या कडेने उघडण्याची. एक चकती सरकवली तरी दुसरी वेळ हलत नाही. एकसंध कॅममध्ये वेळ चुकली तर नवा कॅम कापावा लागतो, इथे एक ग्रब स्क्रू (चकती दांड्यावर आवळणारा बिनडोक्याचा स्क्रू) सैल करून काम होतं. उंचवट्याच्या कडा तिरक्या घासून घ्या, नाहीतर रोलर उडी मारतो.

आता वेळ लावणं. आधी टोकांची खरी जागा शोधा. टोकाजवळ पिस्टन जवळजवळ हलतच नाही, म्हणून ‘थांबल्यासारखा वाटला’ ही जागा दहा अंशांनी सहज चुकते. फ्लायव्हीलवर कागदी अंशचकती चिकटवा आणि चौकटीवर तारेचा काटा लावा. पिस्टन टोकापासून दोन-तीन मिमी अलीकडे असेल अशी एक खूण घ्या, काट्याचा आकडा लिहा. टोक ओलांडून पलीकडे जा, पिस्टन पुन्हा त्याच खुणेवर आला की दुसरा आकडा लिहा. दोन्ही आकड्यांचा मध्य म्हणजे टोक.

सुरुवात या आकड्यांनी करा:

* व्हॉल्व्ह पूर्ण बंद: बाहेरच्या टोकाच्या १५ अंश आधी. वर दिलेल्या मापांत तेव्हा पिस्टनचा प्रवास अर्धा मिमीही उरलेला नसतो, म्हणजे आत घेतलेल्या वायूत काही कमी पडत नाही, आणि पट्टीला बसायला वेळ मिळतो.
* व्हॉल्व्ह उघडायला सुरुवात: आतल्या टोकाच्या ३५ अंश आधी. तेव्हा पिस्टन आतल्या टोकापासून सुमारे अडीच मिमीवर असतो.

म्हणजे व्हॉल्व्ह साधारण १६० अंश बंद, दोन चकत्यांचे उंचवटे एकमेकांवर ८० अंश चढलेले. हे आकडे फक्त आरंभासाठी आहेत. तुमच्या इंजिनाची बरोबर वेळ त्याच्या गळतीवर आणि तापमानावर ठरेल, आणि ती ८ व्या टप्प्यात सापडेल.

> सावधान: ज्या दिशेला इंजिन फिरणार आहे त्याच दिशेने फिरवत वेळ बघा. उलट फिरवून बघितली तर सांध्यांतला सगळा सैलपणा आकड्यात मिसळतो.

६. बर्नर

डबी लहान, बसकी आणि जड. टाकी उथळ पण रुंद असावी, म्हणजे स्पिरिट कमी झालं तरी पातळी फारशी उतरत नाही आणि ज्योतीची उंची टिकते. वात नळीत सैलसर भरा. दाबून ठासली तर स्पिरिट वर चढत नाही आणि वातच जळू लागते.

बर्नरचा पाया दोन दिशांना सरकला पाहिजे: पोर्टच्या जवळ-लांब आणि डावी-उजवीकडे. वातीची उंचीही बदलता यायला हवी. तिन्ही गोष्टी पक्क्या जोडून टाकणं ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की ती इथे वेगळी लिहिणं भाग आहे. पायात लांबट खाचा ठेवा आणि पंखाच्या नटाने आवळा.

इंधन म्हणजे कमीत कमी पाणी असलेलं स्पिरिट. हात निर्जंतुक करायचं जेल किंवा द्रव वापरू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरिनसारखे पदार्थ असतात, ते मागे चिकट थर ठेवतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल जळतं, पण त्याची ज्योत पिवळी आणि काजळी धरणारी असते. ती काजळी व्हॉल्व्हच्या फेसवर बसते.

> सावधान: स्पिरिटची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. विझली असं समजून डबी पुन्हा भरू नका. आधी झाकण ठेवून विझवा, डबी हाताला गार लागेपर्यंत थांबा, मग भरा, बाटली दूर नेऊन तिचं बूच लावा, मगच पेटवा. टेबलावर धातूचा ट्रे आणि शेजारी ओलं जाड फडकं हवंच. खिडकी उघडी ठेवा, पण वाऱ्याचा झोत इंजिनावर येऊ देऊ नका. मुलं जवळ असतील तर तुम्ही उठून जायचं नाही.

७. पहिली पेटवणी

पेटवण्याआधी एक शेवटची थंड तपासणी. सगळं जोडून, व्हॉल्व्ह बंद असलेल्या भागात फ्लायव्हील हाताने सावकाश उलट फिरवा, पिस्टन बाहेरच्या टोकाकडे ओढला जाईल असं. सोडलं की फ्लायव्हील परत खेचलं गेलं पाहिजे. ही ओढ बोटांना जाणवत नसेल तर काडी पेटवू नका. पट्टीच्या फेसवर, मग पोर्टच्या चकतीच्या सांध्यावर, मग पिस्टनवर गळती शोधा, याच क्रमाने. सांध्यावर साबणाचं पाणी लावू नका, ते आत ओढलं जातं. चकतीखाली पातळ कागदी गॅस्केट घाला.

आता ज्योत. वात पोर्टच्या खाली आणि पट्टीच्या हालचालीपासून दोन-तीन मिमी लांब. पोर्ट ज्योतीच्या वरच्या भागासमोर यावं. ज्योतीच्या बुडाशी अजून न जळलेली वाफ असते, ती आत ओढून काही उपयोग नाही.

पेटवल्या पेटवल्या फ्लायव्हीलला झटके देऊ नका. इथे एक गोष्ट आडवी येते आणि ती फार कमी लोकांच्या लक्षात येते: पाणी. ४६ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जळलं की ५४ ग्रॅम पाणी तयार होतं, म्हणजे जाळलं त्यापेक्षा जास्त. ही सगळी वाफ ज्योतीत असते आणि थंड सिलिंडरमध्ये शिरली की भिंतींवर जमते. पहिल्या मिनिटाला पोर्टच्या चकतीवर दव आलेलं तुम्हाला दिसेल. तसलंच दव आत पिस्टनभोवती आहे. नुकताच सुळसुळीत फिरणारा पिस्टन आता ओल्या काचेवर सरकवलेल्या काचेसारखा धरून ठेवतो.

म्हणून दीड-दोन मिनिटं ज्योत चकतीवर राहू द्या आणि फ्लायव्हील हाताने अगदी सावकाश फिरवत राहा. बाहेरचं दव आधी वाढेल, मग कडेकडे सरकेल, मग उडून जाईल. दव गेल्यावर पिस्टनची उघडी बाजू कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. आता टिचकी मारा.

चालू होताना आधी आवाज बदलतो. प्रत्येक फेरीत ज्योत पोर्टकडे वाकते, आत खेचली जाते, आणि एक मऊ ‘फप्’ ऐकू येतो. फ्लायव्हील हळू होता होता मध्येच सावरतं. चार-पाच फेऱ्यांनी थांबलं तरी ही खूण चांगली आहे, इंजिन जवळ आलं आहे. ज्योत वाकतच नसेल तर बर्नर मिलिमीटरभर जवळ आणा. वाकते पण दर फेरीला विझायला येत असेल तर बर्नर फार जवळ आहे किंवा व्हॉल्व्ह उशिरा उघडतो आहे.

८. ट्यूनिंग

एका वेळी एकच बदल. वही जवळ ठेवा आणि बदल करण्याआधी वेग लिहा. त्यासाठी खास उपकरण लागत नाही. फ्लायव्हीलच्या कडेला पांढरा ठिपका द्या, मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या आणि एका फेरीला किती फ्रेम लागतात ते मोजा. १४४०० भागिले फ्रेम, म्हणजे मिनिटाच्या फेऱ्या. ४८ फ्रेम लागल्या तर ३००.

क्रम असा ठेवा.

आधी ज्योत: बर्नर अर्धा-अर्धा मिमी सरकवत जास्तीत जास्त वेग कुठे मिळतो ते शोधा. नंतर वातीची उंची. बऱ्याचदा वात *खाली* केल्यावर वेग वाढतो, कारण सिलिंडर थंड राहतं.

मग व्हॉल्व्ह उघडणारी कॅमची स्प्रिंग. ती शक्य तितकी हलकी करा. वेग वाढल्यावर रोलर कॅमवरून सुटून टकटक करू लागला की थोडी परत कडक करा. कडक स्प्रिंगवर चालणारं इंजिन हलक्या स्प्रिंगवर किती मोकळं होतं हे एकदा अनुभवाच.

मग उघडण्याची वेळ, दुसऱ्या चकतीने. इथे कान वापरा. व्हॉल्व्ह लवकर उघडत असेल तर आत अजून ओढ शिल्लक असते, बाहेरची हवा ‘स्स’ करत घुसते आणि ढकलण्याचा उरलेला जोर वाया जातो. उशिरा उघडत असेल तर पिस्टन उरलेला वायू दाबतो, फ्लायव्हील त्या जागी अडखळतं, आणि उघडताच फुंकर बसून ज्योत दूर उडते. या दोन्हींच्या मध्ये एक जागा असते, जिथे ‘स्स’ गेलेलं असतं आणि ज्योत जेमतेम थरथरते. पाच-पाच अंशांनी सरकवा, जवळ आल्यावर दोन-दोन अंशांनी.

बंद होण्याची वेळ सर्वात शेवटी. ती १० ते २० अंशांच्या बाहेर नेऊन मला कधी फायदा झालेला नाही. बाहेरचं टोक उलटल्यावर बंद झाला तर पिस्टन आत घेतलेला गरम वायूच परत बाहेर ढकलतो, आणि फार आधी बंद झाला तर फ्लायव्हीलला उरलेला स्ट्रोक ओढत न्यावा लागतो.

> तपासा: प्रत्येक बदलानंतर किमान दोन मिनिटं चालू द्या आणि मगच वेग मोजा. थंड आणि तापलेलं इंजिन वेगवेगळे आकडे देतात.

९. पाच मिनिटांनी थांबतं, तेव्हा

थांबताक्षणी ज्योत बाजूला सरकवा आणि गरम असतानाच फ्लायव्हील हाताने फिरवा (सिलिंडरला बोट लागू देऊ नका). गार झाल्यावर फिरवलंत तर पुरावा गेलेला असतो.

जड फिरतंय? पिस्टन फुगला आहे किंवा कुठेतरी तेल चिकट झालं आहे. पिस्टन काढून पाहा. एका बाजूला चमकदार पट्टा असेल तर तो तिथे घासतो आहे. तपकिरी डाग असतील तर तेल जळलं आहे, स्पिरिटने धुवा आणि कोरडं चालवा.

मोकळं फिरतंय आणि बोटांना ओढही जाणवते? मग सिलिंडर फार तापलं आहे, वायू पुरेसा थंड होत नाही. ज्योत कमी करा. तेवढ्याने भागलं नाही तर चकती आणि सिलिंडरच्या मध्ये जाडसर, उष्णता अडवणारं गॅस्केट घाला, म्हणजे ज्योतीची उष्णता थेट पंख्यांकडे जाणार नाही. पण स्पिरिट संपत आलं म्हणून ज्योत उतरली आहे का, हेही आधी पाहा. या क्षुल्लक कारणाने मी एकदा संपूर्ण व्हॉल्व्ह खोलला होता.

मोकळं फिरतंय पण ओढ नाही? पट्टी तापून वाकली आहे किंवा फेसवर काजळीचा कण बसला आहे. पट्टी काढून काचेवर ठेवा, टॉर्च धरा. पट्टीवर निळा रंग आलेला असेल तर ती फार तापली आहे. पुन्हा सरळ करत बसू नका, नवी कापा आणि बर्नर किंचित खाली घ्या.

१०. बंद करताना

ज्योत विझवल्यावर इंजिन तसंच सोडलं तर आतली वाफ बिडावर जमते आणि दुसऱ्या दिवशी सिलिंडरमध्ये तांबूस कडं दिसतं. म्हणून ज्योत काढल्यावर, सिलिंडर कोमट असेपर्यंत, व्हॉल्व्ह उघडा ठेवून फ्लायव्हील वीस-पंचवीस फेऱ्या हाताने फिरवा, म्हणजे ओली हवा बाहेर जाते. पिस्टन आतल्या टोकाला ठेवून सिलिंडरची उघडी पडलेली आतली भिंत कोरड्या कापडाने पुसा. महिनाभर ठेवायचं असेल तर पिस्टन काढून ठेवा आणि भिंतीवर पातळ तेलाचा हात फिरवा. त्या तेलाची चिठ्ठी इंजिनाला बांधा, कारण पुढच्या वेळी पेटवण्याआधी ते स्पिरिटने पूर्ण पुसून काढायचं आहे आणि ३ ऱ्या टप्प्यातली घसरण्याची चाचणी पुन्हा घ्यायची आहे.